विहिरीजवळचा कीर्तनकट्टा

"वडापाव नंतर खा रे. कट्टा फुटला ना, मग बस चघळत!" ऋजुताने सुश्रुतला जिन्यावरून खाली ओढलं.

सुश्रुत तिचा मावसभाऊ, सुट्टीला डोंबिवलीहून तिच्याकडे आलेला. ऋजुताची सोसायटी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ. आवारात जुनी विहीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक दगडी कट्टा. गाड्यांना जागा हवी म्हणून त्यातला एक आज फोडायचा होता. कुठला, ते एका पुस्तकावरून ठरलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्र्यंबककाकांनी ठाण्याच्या जुन्या आळ्यांवर पुस्तक लिहिलं होतं. त्यात याच आवारातल्या जुन्या कीर्तनाचा फोटो होता. विहिरीच्या उजव्या कट्ट्यावर कीर्तनकार बाई उभ्या, शेजारी नऊवारीतल्या बायका. म्हणून उजवा कट्टा ठेवायचा आणि डावा फोडायचा.

खाली शुभदाताई डाव्या कट्ट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कीर्तन चालत आलेलं.

"फोटोतल्या बाई माझ्या पणजीसासूबाई," त्या म्हणाल्या. "त्या या डाव्या कट्ट्यावर उभ्या राहायच्या. मीही इथंच उभी राहते."

"ताई, आठवणी इकडच्या तिकडे होतात," सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले. "फोटो कसा चुकेल?"

शुभदाताईंनी खाली वाकून दगडाला हात लावला आणि तो कपाळी नेला.

ऋजुताने हातातलं पुस्तक उघडलं. "सुश्रुत, पदर बघ. सगळ्यांचे उजव्या खांद्यावर."

"गुजराती पद्धत असेल."

"नऊवारीत? तेही एकजात सगळ्यांची?"

सुश्रुत डोकं खाजवत राहिला. मग एकदम म्हणाला, "आरसा आण, लवकर!"

ऋजुता धावत वर जाऊन आईचा आरसा घेऊन आली. तेवढ्यात फोडायचं यंत्र घरघरायला लागलं. सुश्रुत सरळ कट्ट्यावर चढून बसला.

"ए, उतर खाली," अध्यक्ष ओरडले.

"उतरतो काका. आधी एकच सांगा, काकू पदर कुठल्या खांद्यावर घेतात?"

अध्यक्ष गोंधळले. "मी कशाला बघायला जातोय?"

"ऐका," खिडकीतून काकूंचा आवाज आला. "तीस वर्षं डाव्या खांद्यावर घेतेय मी."

सगळं आवार हसलं. ऋजुताने फोटोसमोर आरसा धरला. आरशात सगळे पदर डाव्या खांद्यावर गेले आणि पणजीसासूबाई विहिरीच्या डाव्या कट्ट्यावर!

यंत्र बंद झालं. त्र्यंबककाका गर्दीतून पुढे आले, आरशात पाहिलं आणि खाली बसले.

"फोटोची जुनी काचेची निगेटिव्ह शुभदाताईंनीच दिलेली," ते म्हणाले. "मी ती उलट्या बाजूने छापली. ताई, तुमचं ऐकायला हवं होतं मी."

"चुकलं ते कळलं, पांडुरंगाची कृपा," शुभदाताई हसल्या. "आता संध्याकाळी कीर्तनाला पुढे बसायचं हं, मागे खांबाआड नाही."

अध्यक्षांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली. "आमचे डोळे पार्किंगवर, तुमचे पदरावर. शाबास."

संध्याकाळी डाव्या कट्ट्यावर कीर्तनाचा पूर्वरंग संपला आणि रिवाजाप्रमाणे शुभदाताईंना बुक्का लावून हार घातला. त्यांनी तो काढून ऋजुताच्या गळ्यात घातला आणि सुश्रुतच्या कपाळी बुक्का लावला. टाळ्यांनी आवार दणाणलं.

पहिल्या रांगेत त्र्यंबककाका पुस्तकांचा ढीग घेऊन बसले होते. प्रत्येक प्रतीत दुरुस्त फोटो चिकटवायचा होता.

सुश्रुत हळूच त्यांच्या कानाशी लागला. "काका, चिकटवायच्या आधी पदर बघा हं."