गाडीखालची कोरडी जमीन

ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही आणि कुणी पारावर बसून सांगितलेलीही नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो रुद्रेश माझा मावसभाऊ आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही, आणि त्याला तर हा विषयच नको असतो. त्याला विचारूनच लिहितोय. "गावाचें नांव घालू नाका," एवढंच तो म्हणाला.

तर गावाचं नाव नाही सांगत. डिचोलीहून जुन्या खाणीकडे जाणारा एक तांबडा रस्ता आहे. त्या रस्त्याला लागून शेवटचं घर रुद्रेशचं. गेल्या वर्षीचा एप्रिल. आणि वेळ बहुतेकदा तिन्हीसांजेची.

रुद्रेश फिटर. हात असे की बंद पडलेलं काहीही त्याच्यापुढं ठेवा, चालू करून देणार. त्याला एकच वेड होतं, स्वतःच्या हातांनी गाडी बांधायची. अँगल कापून त्यानं सांगाडा वेल्ड केला. इंजिन एका जुन्या जीपचं, चाकं कुणाच्या पिकअपची, सीट कुठल्याशा बसची. रस्त्यावर तिला पासिंग मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ती हवी होती इब्रामपूरला, सासऱ्यांच्या काजूच्या डोंगरावर. बोंडू खाली आणायला.

त्याची बायको सुविधा हसायची. "ही गाडी न्हय, वरातीतलो घोडो. सगळ्यांगेलें मागून आणून सजयला."

हौसेला मोल नसतं म्हणतात. रुद्रेश ऐकून घ्यायचा आणि पुन्हा गाडीखाली शिरायचा. चार वर्षांची दुर्वा, त्यांची एकुलती एक, बाजूला बसून त्याला पाने द्यायची. चुकीचाच द्यायची.

रेडिएटर त्यानं शंभूकडून आणला. शंभू भंगारवाला. खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारे ट्रक दारादारांत उभ्या उभ्या गंजले, आणि शंभूचं आवार भरत गेलं. रेडिएटर ट्रकचा होता. जीपच्या इंजिनाला जरा मोठाच.

"बरोच," रुद्रेश म्हणाला. "चढणीर तापची ना."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सुविधानं नारळ फोडला. सगळं छान होतं.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर रिकामा होता.

रुद्रेशला त्यात काही विशेष वाटलं नाही. जुना माल, गळणारच. त्यानं पुन्हा हिरवं कूलंट भरलं आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झाला. खालच्या सांध्यातून थेंब येत होता. बारीक, पण नियमित.

गळती सापडली. काम झालं.

मग त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं...

जमीन कोरडी होती.

एवढं कूलंट गेलं, तर हिरवा डाग तरी हवा. तिथली धूळसुद्धा बसलेली नव्हती. त्यानं हात फिरवला. भुसभुशीत, कोरडी माती.

त्यानं एक पांढरा खोका फाडून खाली अंथरला आणि बघत राहिला. सांध्यावर थेंब फुगला. सुटला.

आणि...

खाली पोचलाच नाही.

जमिनीपासून वीतभर वर तो नाहीसा झाला. दुसरा थेंब आला. तोही तिथंच गेला. खोक्यावर एक ठिपका नाही.

रुद्रेश बाहेर आला. उकाडा आहे, हवेतच सुकत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आपण सगळेच असं काहीतरी सांगतो. पण त्या संध्याकाळी हात धुताना त्याला गाडीच्या बाजूनं एक आवाज आला. अगदी हलका.

कुणीतरी घोट गिळावा तसा.

पुढच्या सकाळी त्यानं रेडिएटर उतरवला आणि बाजारात साईशकडे झाळायला, कथिलानं सांधा बुजवायला नेला. साईशचं दुकान लहान, पण रेडिएटर झाळावा तर त्यानंच. त्यानं सांधा ब्रशनं घासला आणि थांबला.

"रुद्रेश, ही जागा आदींय झाळल्या. कितकेशेच फावट, थरार थर."

"मागीर? टिकूंक ना?"

"टिकपाक जाय आसलें. आंतल्यान फुटूंक ना ती. भायल्यान कोणें तरी खरवडून काडल्या, पळे." त्यानं बोट ठेवलं. पितळेवर बारीक, वाकड्या रेघा होत्या. एकाला एक लागून. नखांनी ओरबाडल्यासारख्या.

"घट्ट मार," रुद्रेश म्हणाला. "परत उगडूंक जायना अशी."

साईशनं तशीच मारली. टाकीत बुडवून हवा भरली, एक बुडबुडा आला नाही. रुद्रेशनं रेडिएटर बसवला, पाणी भरलं, इंजिन तापेपर्यंत चालवलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. गडी खूश झाला. त्यानं सासऱ्यांना फोनही केला, रविवारी गाडी टेम्पोत घालून आणतो म्हणून.

त्या संध्याकाळी सुविधा स्वयंपाकघरातून ओरडली.

"कळशी कोणें रिती केली?"

कुणीच केली नव्हती. ती दुपारीच विहिरीवरून भरून आणली होती. आता आतून ठणठणीत कोरडी होती, फडक्यानं पुसल्यासारखी. त्याच्या पुढच्या दिवशी न्हाणीघरातली बालदी. मग देवापुढची पंचपात्री. घरात जिथं जिथं पाणी झाकून ठेवावं, तिथं तिथं...

तळ कोरडा.

रुद्रेशला पहिली आठवली ती गाडी. गाडीजवळ जाऊन त्यानं झाकण उघडून पाहिलं. पाणी जिथल्या तिथं. साईशची झाळ पक्की होती. थेंब बाहेर यायला जागाच नव्हती.

मग दुर्वा पाणी मागायला लागली.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. उन्हाचे दिवस, पोरं मागतातच. पण ती पेला संपवायची आणि लगेच पुढं करायची. दिवसभर. आणि ज्याचं जळतं त्याला कळतं, आधी सुविधाच्याच लक्षात आलं... पोरीनं सकाळपासून लघवीच केली नव्हती.

ना ताप, ना उलटी, ना जुलाब. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फाटले. डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तिला घेऊन दोघं डिचोलीच्या दवाखान्यात धावली.

डॉक्टर भला माणूस. त्यानं लगेच सलाईन लावलं, रक्त तपासलं. आजार काहीच निघाला नाही. "फक्त अंगातलं पाणी गेलंय," तो म्हणाला. "कुठनं जातंय तेच कळत नाही."

सलाईन सावकाश सोडलं होतं. नर्सनं स्वतः बघून सोडलं होतं. ती बाहेर जाऊन परत आली तर बाटली चिपाडासारखी आत ओढली गेलेली. तिनं दुसरी लावली आणि तिथंच उभी राहिली. भर दुपार, वॉर्डात माणसं, पंखा फिरतोय. आणि सगळ्यांच्या देखत बाटलीतलं पाणी उतरत गेलं...

घोट. घोट. घोट.

दुर्वाचे ओठ मात्र कोरडेच.

पोरीचं ऐकून शंभू बघायला आला. हातात शहाळं होतं. तो खाटेजवळ वाकला तेव्हा दुर्वा झोपेत पुटपुटली. आवाज तिचाच, लहानसा. पण बोलणं तिचं नव्हतं.

"वायच पाणी द्येवा रे... कोण तरी द्येवा... मी काय कोणाक सांगूचंय नाय..."

शंभूच्या हातातलं शहाळं खाली पडलं.

त्यानं रुद्रेशला दंडाला धरून बाहेर नेलं. 

"रुद्रेश, हे शब्द हांवें आयकल्यात."

खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. वळणावर खनिजाचा एक ट्रक पालथा झाला. ड्रायव्हर दोडामार्गाकडचा, अनंत नावाचा. कंबरेखाली ट्रकच्या मुंडीत, केबिनमध्ये, चेपलेला, पण शुद्धीवर. माणसं जमली, शंभूही होता. क्रेन येईपर्यंत अनंत एकच गोष्ट मागत होता. पाणी.

"तुमी दिलें ना?"

"जखमी माणसाक पाणी दिवचें न्हय, मरता, अशें सगळेच म्हणटात. तुवेंय म्हटलें आसतें. लोकांच्या हातांत बाटल्यो आसल्यो, रुद्रेश. पूण कोणेंच दिलें ना. आमी ताका जगोवपाकच उबे आसले." शंभूनं तोंड पुसलं. "आनी ट्रकाचो रेडिएटर फुटिल्लो. ताच्या तोंडाकडेन, वीतभर पयस, थेंब थेंब पडटालो. तो मान लांबयतालो. पावनासलो. हातान तो सांदो ओरबाडटालो, चड पाणी येवचें म्हणून. क्रेन पावली तेन्ना तो सोंपिल्लो."

"तो रेडिएटर तूं माका दिलो?"

"माका खबर ना रे!" शंभू रडकुंडीला आला. "म्हजेकडेन तसले धा पडल्यात. तो आसतलो, नासतलो. देवाची आण, खबर ना."

रुद्रेश पुढचं ऐकायला थांबला नाही.

तो घरी पोचला तेव्हा सूर्य बुडत होता. गाडी शेडमध्ये उभी होती. त्यानं मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि गाडीखाली शिरला. साईशची झाळ घट्ट होती, हात सोलवटले, तरी तो खुपसत राहिला. ज्या हातांनी जन्मभर गळत्या बुजवल्या, त्या हातांनी तो गळती पाडत होता. आणि रडत होता, हे त्यानंच मला सांगितलं.

झाळ निघाली. पाणी धारेनं सुटलं.

वीतभर आलं आणि... गेलं.

जमीन कोरडी.

त्याच्या चेहऱ्याशेजारी, अगदी कानाला लागून, कुणीतरी गटागटा पीत होतं. मध्ये दम घेत होतं. पुन्हा पीत होतं. रुद्रेशला दिसलं काहीच नाही. फक्त गालावर ऊन श्वास लागत होता.

रेडिएटर रिता झाला तसा तो धावत विहिरीवर गेला. कळशी ओढली, ओतली. पुन्हा ओढली, ओतली. किती, ते त्यानं मोजलं नाही. हात भरून आले तेव्हा कुठं खालचा आवाज थांबला.

मग फोन वाजला. सुविधा होती. रडत होती.

"आयकलें? तिणें मुतलें! खाट भिजयली सगळी! माझी चादर, तिची चड्डी, सगळें भिजलां!"

ओली चादर छातीशी धरून हसणारी आई त्या नर्सनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

दुर्वा बरी झाली. आज शाळेत जाते. पण तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की रुद्रेशनं तिन्हीसांजेला रेडिएटर भरला नाही. गाडी जागची हलली नाही. काजूच्या डोंगरावर दुसऱ्याचा टेम्पो जातो. सुविधानं दोडामार्गला जाऊन अनंतच्या माणसांना शोधलं. त्याचं दिवसकार्य सगळं रीतसर झालेलं होतं. देवळात गाऱ्हाणं घातलं. तुळशीचं पान घालून पाणी सोडलं. काही फरक नाही.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. मी शहरात राहणारा, असल्या गोष्टींवर हसणारा. मनात म्हटलं, याचं डोकं फिरलंय, जरा समजवावं.

संध्याकाळी तो उठला आणि कळशी घेऊन शेडकडे गेला. मीही मागं गेलो. त्यानं ओतलं. मी वाकून पाहिलं.

जमिनीबद्दल मी काही सांगणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

"अरे, तो रेडिएटर काढून खाणीच्या खड्ड्यात टाकून दे की," मी म्हणालो. "कशाला जन्मभर पाणी घालत बसतोस?"

रुद्रेशनं रिकामी कळशी खाली ठेवली. माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, तो म्हणाला,

"मागीर तो खंय पितलो?"

आतून दुर्वाच्या हसण्याचा आवाज येत होता. तो मग कुठं पिणार, ते मला कळलं.

काल त्याचा फोन आला. टँकरवाल्याचा नंबर हवा होता, विहीर आटत आली होती. पूर्वी एका कळशीत भागायचं, म्हणाला. आता पाच लागतात... आणि तरी कधी कधी मध्यरात्री दुर्वा पाणी मागत उठते.