न चपापलेली मुलगी

सांगलीच्या, खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या चलनमापन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक मुलगी पुन्हा पुन्हा पडत होती. खो-खोचा अंतिम सामना, शेवटची पाळी, आणि खांबाला वळसा घालताना चंद्रकला गावडे धाडकन आपटली. पुढे पळणारी निसटली, सामना हातचा गेला. आता चंद्रकलानं मुद्दाम पडून सामना विकला असा आरोप होता. तो सिद्ध झाला तर जन्मभराची बंदी. पोरीनं शाळा सोडली ती खेळासाठीच, त्यामुळे खेळ गेला की सगळंच गेलं.

चौकशी समितीचे प्रमुख, अस्थितज्ज्ञ डॉ. वाळिंबे, निकाल विचारायला स्वतः आले होते. प्रयोगशाळेच्या संचालिका इरावती टिपणीस यांनी त्यांना यंत्राचं तत्त्व सांगितलं. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येकाच्या सांध्यासांध्याची हालचाल टिपतात. त्यावरून संगणक हाडांचा चालता सापळा रचतो.

"माणूस खरंच घसरला तर शरीर आधी चपापतं," त्या म्हणाल्या. "खांदे आक्रसतात, हात आपोआप पुढे जातात. या क्षणाला आम्ही चपापक्षण म्हणतो. तो दाबता येत नाही. मात्र काय घडणार हे आधीच ठाऊक असेल, तर शरीर चपापतच नाही."

"आणि ही?"

"ही चपापली नाही."

मग झालं तर, असं म्हणून वाळिंबे उठले. इरावतीबाईंना मात्र चैन पडेना. चंद्रकलाचे प्रशिक्षक दत्ताजीराव शिंदे रोज फोन करून निकालाची चौकशी करत होते. आरोपही त्यांनीच केला होता. अहो, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली खेळाडू बदनाम होतेय, तर माणसाचा आवाज थोडा तरी जड व्हावा की नाही? शिंद्यांचा आवाज कसा अगदी खणखणीत.

इरावतीबाईंनी चंद्रकलाला बोलावून घेतलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि फरशीकडे बघत राहिली. सामना विकला नाही, एवढंच ती म्हणाली. मग चपापली का नाहीस, या प्रश्नावर तोंडाला कुलूप. फार खोदल्यावर म्हणाली की सर सगळं निस्तरणार आहेत, तिनं फक्त गप्प बसायचं. ज्यानं आरोप केला तोच निस्तरणार? इरावतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

ती गेल्यावर त्यांना आपली चूक उमगली. यंत्राला त्यांनी एकाच शरीराबद्दल विचारलं होतं, आणि यंत्र बिचारं विचारलं तेवढंच सांगतं. आता त्यांनी चौकटीत दिसणाऱ्या सगळ्यांचं मापन लावलं. पाटीवर बसलेल्या मुली चपापल्या होत्या. पंच चपापले होते, पहिल्या रांगेतले प्रेक्षकसुद्धा. चंद्रकलाखेरीज चपापला नव्हता तो एकच माणूस, बाकावर बसलेले दत्ताजीराव शिंदे. म्हणजे गुरू-शिष्येनं मिळून सामना विकला, आणि आता गुरू एकटीला बळी देतोय! इरावतीबाईंना मनस्वी संताप आला.

सुनावणीला शिंदे पांढरेशुभ्र कपडे घालून आले. चंद्रकला टेबलाच्या टोकाला बसली होती. यंत्र खोटं बोलत नाही, असं त्यांनी समितीला ठासून सांगितलं.

"नाहीच बोलत," असं म्हणत इरावतीबाईंनी चित्रफीत संथ गतीनं लावली. "आता तिच्याकडे नको, बाकाकडे बघा."

पडद्यावर चंद्रकला अजून खांबापर्यंत पोचलीही नव्हती. शिंद्यांचा हात मात्र उठला होता आणि राखीव खेळाडूला उभं राहायची खूण करत होता.

शिंदे हसले, म्हणाले की इतकी वर्षं मैदानात घालवल्यावर पावलावरून माणूस कळतो. पण पाऊल हा शब्द ऐकला आणि वाळिंबे पुढे सरकले. त्यांनी आधीच्या सामन्यांच्या चित्रफिती मागवल्या, बाकी सगळं पुसून फक्त हाडांचा सापळा दाखवायला सांगितला. उपांत्य सामना. त्याच्या आधीचा. त्याच्याही आधीचा. प्रत्येक वळणावर पोरीचा डावा पाय टेकतो न टेकतो तोच उचलला जात होता, आणि गुडघा आत मुडपत होता.

"हा गुडघा कधीचाच निकामी झालाय," वाळिंबे सावकाश म्हणाले. "तो दगा देणार हे हिच्या शरीराला ठाऊक होतं. चपापेल कशाला?"

इरावतीबाईंना एकदम लख्ख दिसलं. सामना कुणीच विकला नव्हता. मोडक्या गुडघ्याच्या मुलीला यानं जाणूनबुजून पळवलं होतं, आणि ती पडल्यावर कुणी गुडघ्याकडे बघू नये म्हणून सामना विकल्याचा आळ घेतला होता. आणि आपण? यंत्राचा दाखला देऊन आपण तिला जवळजवळ बुडवलीच होती.

वाळिंब्यांनी शिंद्यांना विचारलं, "ती पडणार हे तुम्हाला कसं कळलं?"

शिंदे कागद चाळत राहिले. चंद्रकला टेबलाला धरून उठली, डावा पाय जपत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मी नाही बोलले," ती म्हणाली. "आता तरी तुम्ही सांगा ना."