शिमग्यापर्यंत एकटी

त्याने माझी काठी मोडली तेव्हा आमची साधी ओळखही नव्हती.

सकाळचे पावणेदहा. माळनाक्याच्या खालच्या अंगाला आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे मी उभी होते. माघातलं ऊन कोवळं कोवळं अंगावर येत होतं. कुणाच्या तरी परसातल्या कलमाचा मोहोर इतका दरवळत होता, की श्वास घ्यावा आणि सोडूच नये... गाड्यांच्या आवाजात एक फट पडली. पडते ती. नीट ऐकत थांबलं की पडतेच. मी काठी पुढे टाकली, पाऊल उचललं — आणि कडाड्!

मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. पायाच्या बोटांना वारा लागला. आवाज मात्र कसलाच नाही. भूत गेल्यासारखं काहीतरी गेलं आणि चार हातांवर थांबलं.

"मॅडम! लागलं का? कुठे लागलं का?"

"माझी काठी कुठाय?"

"तिच्या... दोन झाल्या."

"तुमच्या गाडीला आवाज का नाही?"

"बॅटरीची आहे. आवाजच नसतो हिला, म्हणून तर सगळे..."

"जाहिरात नकोय. हॉर्न का नाही दिलात?"

"रस्ता मोकळा दिसला म्हणून—"

"तुम्हाला मोकळा दिसला, मला मोकळा ऐकू आला, आणि आलो दोघंही एकाच जागी!"

तो हळूच म्हणाला, "आता मी काय करू, सांगा."

"तोंडाने वाजवा," मी म्हटलं.

रागाने म्हटलं होतं. तो माणूस शब्दाला शब्द धरणारा निघाला.

मी मनस्विनी. वय सव्वीस. जन्मापासून दिसत नाही. मारुती मंदिराच्या पुढे एक दवाखाना आहे, तिथे मी फोनवर बसते. घरून तिथे चालत जाते, चालत येते. लोकांना वाटतं आम्ही पावलं मोजतो. मी काय शिंपी आहे मोजत बसायला? बेकरीतून खारीचा वास आला की डावीकडे चिऱ्याचं कुंपण लागतं. कुंपण संपलं की वारा मोकळा येतो, म्हणजे चौक जवळ आला. एवढं सोपं आहे. अवघड केलंय ते डोळेवाल्यांनी. फुटपाथ बांधायचा, मग त्यावर मोटारसायकली लावायच्या. गटाराची झाकणं उचलायची आणि परत ठेवायची विसरायची. दिवाळीत कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर बरोब्बर तोंडाच्या उंचीवर बांधला होता. भाऊंना शंभर वर्षं आयुष्य लाभो. माझ्या कपाळाला चार टाके पडले.

त्या टाक्यांवर ही मोडकी काठी. घरी आले तेव्हा आईने दोन्ही तुकडे माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, "शिमग्यापर्यंत बघते. पालखी नाक्यावर येईल त्या दिवसापर्यंत तू एकटीने धड गेलीस-आलीस, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर बाबूकाकांची रिक्षा. जायला आणि यायला. कायमची."

बाबूकाका देवमाणूस. पण रिक्षात बसलं की मी सामान होते. या दारातून उचललं, त्या दारात ठेवलं. मग खारीचा वास नाही, कोपऱ्यावर मथुरामावशीकडे थांबून ओले काजूगर घेणं नाही, उगीच उशीर करणं नाही. माझं सगळं गाव त्या एका रस्त्यावर होतं. तो गेला असता तर मला रत्नागिरीच उरली नसती.

दुसऱ्या दिवशी जुनी, वाकडी काठी घेऊन निघाले. नाक्यावर पोचते तोच मागून—

"पोंऽऽ पोंऽऽ! संदेश चाललाय होऽऽ! उजव्या अंगाने चाललाय!"

अख्खा नाका हसला. मथुरामावशी टोपलीमागून ओरडली, "मेल्या, वरात काय रे ही?"

"नवरी राजी नाय मावशी, नुसता नवराच निघालाय!"

मी तोंड वळवलं. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून.

असा तो रोज जायचा. कधी बोंब मारत, कधी शिट्टी घालत. संगमेश्वरकडच्या गावातला, सहा वर्षं मुंबईत काढून परत आलेला, आता घरोघर पार्सलं पोचवणारा. "तुमचं नाव केवढं लांब," म्हणाला एकदा. "पार्सलावर मावायचं नाही." आठवड्याने काठी घेऊन आला. सावंतवाडीची, लाखेच्या रंगाची, मुठीवर पोपट कोरलेला.

"पोपट?" मी चाचपून पाहिलं.

"हिरवा आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"ऐंशी वर्षांची झाले की घेईन हं. संदेश, आमची काठी टेकायची नसते, चाचपायची असते. पांढरी, हलकी, घडीची. मुंबईहून मागवावी लागते."

"मागवतो. लांबी किती?"

"जमिनीपासून... इथपर्यंत." मी छातीच्या हाडावर बोट ठेवलं.

पिशवीतून पार्सलं मोजायची टेप काढल्याचा आवाज. "वरचं टोक... तुम्हीच धरा," म्हणाला, आणि भर रस्त्यात माझ्या पायाशी बसला. टेप ताणली गेली. तिचं ते टोक त्याने दोनदा सोडून पुन्हा धरलं, ते मला या टोकाला कळलं...

"एकशे सोळा."

"नक्की?"

"परत मोजू?"

"...मोजा."

नवी काठी आली आणि तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला ते कळलंच नाही. रविवारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. सुरूच्या झाडांमधून वारा असा वाहायचा, जसं कुणीतरी लांबून नुसतंच माझं नाव घेतंय. ओल्या वाळूवर मी काठी घडी करून पिशवीत टाकायची आणि चालत सुटायची. वाळूवर गटार नसतं, खांब नसतो, भाऊ नसतात. जिकडे पाऊल टाकू तिकडे रस्ता.

"तुला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"कसली?"

"समोर समुद्र आहे."

"तो केवढा ओरडतोय! तुझ्या गाडीपेक्षा प्रामाणिक आहे."

तो हसला. लाट पावलांवर आली, वाळू तळव्याखालून सरकली, आणि क्षणभर वाटलं, आपण दोघं उभे आहोत आणि जमीनच चालली आहे...

आणि काय सांगू, त्या दिवसांत रत्नागिरीसुद्धा शहाणी झाली! फुटपाथवर एक मोटारसायकल आडवी येईना. चौकात मी उभी राहिले की गाड्या आपसूक थांबायच्या. मी आईला रोज सांगायची — आजही धड आले. आईचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत गेला. मला वाटायचं, मी जिंकतेय. गावाला माझी सवय होतेय. प्रेमात पडलं की माणूस आंधळं होतं म्हणतात. माझे कान गेले होते.

पालखीला आठ दिवस उरले होते. संदेशला लांब नाटे गावाला सामान द्यायला जायचं होतं, म्हणून सकाळची बोंब आली नाही. मथुरामावशीने काजूगरांचा द्रोण हातात दिला आणि सहज विचारलं, "काय गो बाय, आज एकटीच?"

"मी रोज एकटीच असते मावशी."

मावशी गडबडली. "नाय गो... तो तुझा बॅटरीवाला. रोज बोंबलत पुढे जातो नि वळसा घालून मागनं येतो. तू थांबलीस की हात दाखवून गाड्या थांबवतो. तू यायच्या आधी फटफटी उचलून बाजूला ठेवतो. मला वाटलं, तुला ठाऊक हाय..."

द्रोण माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी निघाले. नाक्यावर तो ओरडत पुढे गेला. मी चालले. चिऱ्याचं कुंपण अर्धं झालं आणि मी थांबले. मागे वळले नाही.

"संदेश."

काही नाही. कावळा, दूर बस, वारा.

"संदेश, मला माहीत आहे."

तीन हातांवरून, अगदी जवळून — "हं."

अंगावर काटा आला. प्रेमाचा नव्हे.

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून. मनस्विनी, ऐक ना... तो कडाड् आवाज माझ्या कानातून जात नाही. काठीच्या जागी पाय असता तर? मला भीती वाटत होती गं."

"भीती तुझी होती, मग तू घ्यायची! माझ्या रस्त्यावर का आणून ठेवलीस? मी रोज आईला सांगत होते, मी एकटी आले. तू मला खोटारडी केलंस. आणि आवाज न करता माझ्या मागे? मी गुणगुणले, नाक शिंकरलं, स्वतःशी हसले, ते सगळं तू बघत होतास, आणि मी समजत होते की इथे मी आणि वारा. दिसत नाही त्या बाईच्या मागे मुक्याने चालणं याला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"मी तुला सांभाळत—"

"मला सांभाळायला नको होतं. तू मला ऐकू यायला हवा होतास."

तो रडत होता बहुतेक. मी थांबले नाही. माझ्या रस्त्यावर पुन्हा यायचं नाही, एवढं सांगून चालू लागले.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे महिना फुकट. मग रिक्षा सांगू?"

"पालखीपर्यंत सात दिवस आहेत. ते सात मोज. हे माझे असतील."

आईने सुस्कारा सोडला. "आणि तो मुलगा?"

"कुठला मुलगा?"

"बरं," आई म्हणाली. आईला सगळं कळतं, ही एक पीडाच आहे.

ते सात दिवस! मोटारसायकली सगळ्या आपापल्या जागी परत आल्या, म्हणजे माझ्या जागी. एकीचं पायदान नडगीला लागलं. आईने हळद लावली आणि म्हणाली, "हे मी धरत नाही." चौकात कुणी थांबेना. फट पडायची, पण मी स्वतः ऐकून शोधायची. रोज थोडी लवकर सापडायला लागली. रात्री अंथरुणावर पडले की कान मात्र उगीच रस्त्याकडे... कुणी शिट्टी घालतंय का. नव्हतं कुणी. सांगितलं ते ऐकणारा माणूस, काय करणार.

सातव्या दिवशी सकाळी मथुरामावशी म्हणाली, "तो विचारतोय, संध्याकाळी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहू काय. नुसता."

मी बराच वेळ काजूगर निवडत बसले.

"सांग त्याला, राहा म्हणावं. पण हललास तर संपलं."

साडेपाचला दवाखान्यातून निघाले. माळनाक्यावर आले, आणि पालखी आली होती.

ढोल वाजायला लागला की माझं सगळं जातं. तुमच्या डोळ्यांवर कुणी घोंगडी टाकावी, तसं. गाड्या नाहीत, पावलं नाहीत, वारासुद्धा नाही; नुसता ढोल, बरगड्यांच्या आत. गुलालाचा वास घशात बसला. पालखी नाचत होती, माणसं हुर्रा करत होती, आणि एका बाजूने टायर सरकत होते. ते पायाखाली कळत होते, पण कुठून, किती, काही कळेना. समोर माझी गल्ली. मध्ये मोठा रस्ता, आणि एकही फट नाही.

"चला ताई, सोडतो." कुणीतरी दंड धरून ओढलं.

"सोडा," मी हात सोडवला. "मला थांबायचंय."

आणि मी थांबले. थांबणं हेसुद्धा चालण्यातलंच असतं, हे डोळेवाल्यांना कुणी शिकवत नाही. ढोल चढत गेला, उतरला, परत चढला. मी डोळ्यांपुढे नाही, अंगभर एकच गोष्ट बघत होते: पलीकडे तो उभा आहे. येऊ शकतो. चार ढांगांत येईल, हात धरेल, आणि मी कदाचित सोडवून घेणार नाही. एवढी दमले होते... ये, असं आतून कुणी म्हणत होतं. येऊ नकोस, असंही मीच म्हणत होते.

कधीतरी पालखी खालच्या आळीकडे वळली. ढोल पाठीमागे गेला. आधी वारा परत आला, मग एक सायकल, मग उतारावरून टेम्पो. तो गेला. आणि मग फट पडली, रुंद, शांत, माझी. काठी पुढे टाकली. डांबर, डांबर, खडी, चढ. माझ्या गल्लीचा दगड.

"संदेश?"

"हं." आवाज फाटलेला.

"किती वेळ झाला?"

"सत्तावीस मिनिटं."

"हललास?"

तो खोटं बोलू शकला असता. मला कसं कळणार होतं?

"एक पाऊल," तो म्हणाला. "ढोल चालू असताना एक गाडी तुझ्या अंगाशी सरकली तेव्हा. मागे घेतलं. मग बघवेना, म्हणून डोळे मिटले. तर नुसता ढोल... तू कुठे आहेस, आहेस की नाहीस, काही कळेना. मनस्विनी, हे असं असतं?"

"छे. याहून पुष्कळ बरं असतं. तू नवशिका आहेस."

तो हसला की हुंदका होता, कोण जाणे. मग अगदी हळू, पण मला ऐकू येईल इतकं स्पष्ट म्हणाला, "मला तू आवडतेस. इथे उभं राहणं फार कठीण आहे. पण तू म्हणशील तर जन्मभर असा उभा राहीन."

गल्लीच्या आतून आईच्या बांगड्या वाजल्या. ती फाटकात आली होती. काही बोलली नाही. बोलणार नाही, असं कबूलच केलं होतं तिने.

मी काठीची घडी घातली.

"कोपर दे तुझा."

"आता कशाला?" तो गोंधळला. "रस्ता तर तूच ओलांडलास."

"रस्त्यासाठी मागत नाहीये," मी म्हटलं.