डावीकडची सीट

सुजीत आणि जमाल यांच्या बोटी एकाच साच्यातल्या होत्या. आखात सोडून मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून त्यांनी त्या जोडीनं घेतल्या, आणि कुठली कुणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. बास बोट म्हणतात तिला. बुटक्या काठाची, सपाट, खरं तर मासे पकडायला केलेली, पण पाण्यावरून मोटरसायकलसारखी पळते. इंजिनं सारखी, सीटा सारख्या. उजवीकडची चालवणाऱ्याची, डावीकडची सोबत्याची.

सुजीत मूळचा चिपळूणचा, जबल अलीच्या बंदरात क्रेनच्या देखभालीचा इंजिनियर, राहायला अल मनखूलला. जमाल हर्णैचा, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं गाड्यांच्या पार्टचं दुकान. शनिवारी सकाळी दोघं तिथल्या खाडीत बोटी उतरवायचे, जमालच्या थर्मासमधला चहा प्यायचे, आणि तिवरांच्या बेटापासून जेट्टीपर्यंत शर्यत लावायचे. एका बोटीत एकच माणूस.

शर्यत जमाल जिंकायचा. दर वेळी.

पहिल्यांदा सुजीतनं ते हसण्यावारी नेलं. मग त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. त्यानं इंजिन थोडं वर उचलून बसवलं. इंजिन जितकं वर, तितका त्याचा कमी भाग पाण्यात घासतो आणि वेग वाढतो. मात्र जास्त वर गेलं तर प्रॉपेलर पाण्याऐवजी हवा ओढतो, पकड सुटते, आणि इंजिनाला थंड ठेवणारं पाणी पोचत नाही. सुजीत इंजिन बोल्टच्या एकेका भोकानं वर सरकवायचा, पळवून बघायचा, पाण्याच्या दाबाचा काटा बघायचा. पितळी झाकणासारखा चमकणारा नवा प्रॉपेलर आणला, जास्त पिचचा, म्हणजे एका फेरीत बोटीला पुढे जास्त ढकलणारा. बॅटऱ्या डावीकडे हलवल्या, कारण एकटा माणूस उजवीकडे बसला की बोट उजवीकडे कलते. वेग ताशी चौपन्न मैलांवरून सत्तावन्नवर आला.

त्या शनिवारी जमाल साठनं पळाला.

"तू काय केलंस नवीन?" सुजीतनं विचारलं.

"मी कुठे काय करतो? बसतो आणि पळवतो. यल्ला, चहा घे."

त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, आणि तेच सुजीतला जास्त लागलं. क्रेनच्या केबलला ग्रीस लावून घेताना त्याला जमालचा तो निवांत चेहरा दिसायचा. घरी जेवताना मुग्धा एकदा म्हणाली, "जमालभाईंचं नाव निघालं की तू दात आवळतोस. बघ, आत्ताही." सुजीतनं ताट पुढे सरकवलं आणि उठला.

पुढच्या खेपेला जमाल दुकानातून यायचा होता, तेव्हा सुजीतनं त्याच्या बोटीचं इंजिन वाकून पाहिलं. ते खाली बसवलेलं होतं, जितकं आधीपासून होतं तितकंच. प्रॉपेलरच्या एका पात्याची कड दगडाला लागून मुडपलेली. असल्या प्रॉपेलरनं बोट थरथरायला हवी. पन्नाससुद्धा गाठायला नको.

त्या दिवशी तो शर्यतीत मुद्दाम मागे राहिला आणि पाहत राहिला. खाडी आरशासारखी होती. हवा इतकी दमट, की चष्म्याच्या काचा पुन्हा पुन्हा पुसाव्या लागत होत्या. जमाल उजवीकडे बसला होता. जाडजूड माणूस, आणि बोट कणभरही उजवीकडे कलत नव्हती. दोन माणसं बसल्यावर धावावी तशी ती सरळ धावत होती. शिवाय सोबत माणूस असला तर वजनानं वेग कमी व्हायला हवा. कुठलंच गणित जुळत नव्हतं.

"तू एकटाच असतोस ना बोटीत?" चहाच्या वेळी सुजीत म्हणाला.

जमाल थर्मासचं झाकण सावकाश लावत राहिला. "तू बघतोस की."

"आज बोटी बदलू या. एकच फेरी."

"कशाला रे?"

"बोट चांगली की चालवणारा, ते कळेल."

"नको, सुजीत."

"का? काय लपवलंयस?"

जमालचा चेहरा पडला. त्यानं किल्ली काढली आणि सुजीतच्या हातात ठेवली. "हवी तेवढी जोरात ने. फक्त बोलू नकोस काही."

"कुणाशी?"

जमाल सुजीतच्या बोटीकडे चालू लागला होता.

सुजीत जमालच्या बोटीत उजवीकडे बसला. बोट उजवीकडे थोडी दबली. मग, कुणी सावरून बसावं तशी, हळूच सरळ झाली.

त्यानं डावीकडे पाहिलं. निळी सीट, उन्हानं तडकलेलं रेक्झिन. रिकामी.

बेट मागे टाकताच त्यानं थ्रॉटल पुढे लोटला. अठ्ठावन्न. साठ. बासष्ट. मुडपलेल्या पात्याची थरथर कुठेच नव्हती. बोट पाण्याला जेमतेम टेकत होती. उजव्या कानात वारा फाटल्यासारखा भरत होता. डाव्या कानात मात्र आवाज कमी होता. शेजारी माणूस बसला की त्या बाजूचा वारा अडतो, तितकाच कमी.

सुजीतला भीती वाटली नाही. त्याला वाटलं, हे जमालकडे होतं. इतके महिने. केवळ एका चिठ्ठीच्या जोरावर. आपण हात काळे करत बसलो, आणि हा नुसता बसायचा आणि पळवायचा.

मान न वळवता तो म्हणाला, "माझ्या बोटीत चल."

डाव्या कानात वारा भरला.

बोट उजवीकडे कलली. पात्याची थरथर सुकाणूतून त्याच्या हातात शिरली. साठ. पंचावन्न. पन्नासच्याही खाली.

पलीकडे, खाडीच्या मध्यावर, जमाल सुजीतची बोट हाकत होता. उजवीकडे कललेली ती बोट सुजीतच्या डोळ्यांदेखत सरळ झाली.

जमालनं तिथेच थ्रॉटल सोडून दिला.

जेट्टीला लागल्यावर जमाल घाईघाईनं उतरला आणि आपल्या बोटीत गेला. डावीकडच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला.

"तू बोललास," तो म्हणाला.

"काय बोललो?"

जमाल चहा न पिताच निघून गेला.

तो आणखी एकदाच आला. शर्यतीत फार मागे पडला, आणि मागे पडल्याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. निघताना सुजीतच्या बोटीकडे न पाहता त्यानं हळू आवाजात विचारलं, "बरी आहे ना?"

"एकदम. नवा प्रॉपेलर मस्त बसलाय," सुजीत म्हणाला.

जमालनं मान हलवली. "सांभाळ," म्हणाला. पुढे त्यानं आपली बोट विकली. सुजीतनं फोन केला की दुकानातलाच कुणीतरी सांगायचा, शेठ बाहेर गेलेत.

खाडीत आता सुजीतइतकं जोरात कुणी पळत नव्हतं. पण शर्यत लावायलाही कुणी उरलं नव्हतं. तरी तो दर शनिवारी जायचा. घरी सांगायचा, इंजिनाचं काम आहे.

थंडी पडल्यावर मुग्धा म्हणाली, "मला एकदा तरी ने. रोहित पक्षी आलेत म्हणे." सुजीतनं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा कारण सुचलं नाही.

ऊन कोवळं होतं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. मुग्धा जेट्टीवरून बोटीत उतरली, डावीकडच्या सीटवर बसली आणि मोबाईल काढून फोटो घेऊ लागली. सुजीतनं बोट हळूच बाहेर काढली.

बेटापाशी त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती सीटच्या अगदी बाहेरच्या कडेला बसली होती. एक मांडी सीटवर, दुसरी अधांतरी. दोघांच्या मध्ये जवळजवळ अख्खी सीट मोकळी होती.

"अगं, आत सरकून बस ना. पडशील."

"बसलेय की नीट," ती पक्ष्यांकडे बघतच म्हणाली. आणि मोबाईल मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, आणखी थोडी बाहेर सरकली.