रिकामी असली की तापणारी गाडी

हे मी कुणाकडून ऐकून लिहीत नाही. त्या गाडीच्या केबिनमध्ये मी स्वतः बसले होते. वाचून हसू आलं तर खुशाल हसा, सुरुवातीला मीही हसलेच होते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर उन्हातली आहे. यंदाचा मे महिना, इंदापूर-बारामती रस्ता.

मी राजनंदिनी. इंदापूरला राहते. माझे मिस्टर दिग्विजय, त्यांची टोइंगची गाडी आहे. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली, ठोकली, की आमचे हे जातात आणि हुकाला लावून ओढून आणतात. डिझेल गाडी, जुनी पण दणकट. माझ्या सासऱ्यांनी, रावजी आबांनी, घेतलेली. ह्यांचा जीव माझ्यापेक्षा त्या गाडीत जास्त, असं मी चारचौघांत म्हणते आणि हे ते खोडूनही काढत नाहीत.

तर एप्रिलमध्ये ही गाडी तापायला लागली.

उन्हाळ्यात गाडी तापते, त्यात नवल काय? पण हिची तऱ्हाच उलटी.

हुकाला दुसरी गाडी असली की इंजिन गार.

रिकामी असली की टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर...

तेही फक्त बारामतीकडे जाताना. इंदापूरकडे येताना काही नाही.

"तिकडं चढ असंल," हे म्हणाले.

"अहो, एवढ्या वर्षांत नव्हता तो चढ आताच कुठनं आला?" मी म्हटलं.

बारामतीला ज्ञानेश म्हणून आमचा नेहमीचा मिस्त्री आहे. त्यानं रेडिएटर धुतला. थर्मोस्टॅट बदलला. मग वॉटर पंप, फॅनचा पट्टा, रेडिएटरचं झाकण. दरवेळी गॅरेजसमोर गाडी चालू ठेवून बघायचा. काटा निम्म्यावर. आणि पुढच्या फेरीला पुन्हा वाफ. शेवटी हेड गॅस्केट गेलं असेल म्हणून तेही तपासलं. पाण्यात बुडबुडे नाहीत, तेलात पाणी नाही, पांढरा धूर नाही.

"वैनी, गाडीत खोट न्हाय," तो मला फोनवर म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मग एकदा झाकण उडून उकळतं पाणी ह्यांच्या हातावर आलं. कोपरापर्यंत कातडी गेली.

आणि पुढच्याच आठवड्यात, सणसरजवळ कालव्याच्या पुलावर, रिकामी गाडी मागून कुणी खेचावी तशी फिरली आणि कठड्याला घासत गेली. हे घरी आले ते न जेवता बसून राहिले.

"नंदा, मागं कायतरी हाय," एवढंच म्हणाले.

माझं हसणं तिथंच संपलं. गाडी विकायला हे तयार नव्हते. आणि ही गाडी एक दिवस ह्यांना कालव्यात घालणार, असं माझं मन मला सारखं सांगत होतं. मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कशाला?"

"माझा नवरा कुठं जातो ते बघायला," मी म्हटलं.

दुपारची वेळ. रस्ता मोकळा. निमगाव केतकी मागे पडेपर्यंत काही झालं नाही.

मग मागून आवाज आला...

टिक... टिक... टिक...

गाडीचा इंडिकेटर चालू राहिला की येतो तसा. मी आमचा बघितला. बंद होता.

"आवाज येतोय का तुम्हाला?" मी विचारलं.

"रोज येतोय," हे म्हणाले. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

ओढायची साखळी पेटीत होती. मी स्वतः ठेवलेली. तरी मागे साखळी ताणल्याचा करकर आवाज यायला लागला.

इंजिन दमायला लागलं. हे गिअर खाली टाकत होते. सपाट रस्ता, हुकाला काही नाही, आणि गाडी अशी कण्हत होती, जणू मागे भरलेली ट्रॉली आहे.

काटा चढायला लागला.

आणि केबिनमध्ये गाळाचा वास आला... ओला, शेवाळलेला. मी ह्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली. देवाचं नाव घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

दोनदा थांबून, इंजिन गार करून कसेबसे ज्ञानेशकडे पोचलो. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. गाडीकडे बघत लांबच उभा राहिला. मग खाली वाकला.

"दादा, मागचे पाटे बसल्यात."

पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या. ओझं असलं की त्या दबतात. आमची गाडी रिकामी होती.

ज्ञानेशनं आम्हाला जवळच्या वजनकाट्यावर नेलं, जिथे उसाच्या गाड्या मोजतात तिथं. रिकाम्या गाडीचं वजन ह्यांना पाठ आहे. काचेआड लाल आकडे फिरले आणि थांबले. एका लहान कारएवढं वजन जास्त भरलं.

काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागची गाडी नीट वर घ्या की. निम्मी भाईर हाय."

आम्ही तिघांनी मागे बघितलं.

मागे काहीच नव्हतं.

तो माणूस खाली आला. मागे जाऊन बघितलं. परत आमच्याकडे बघितलं. मग आत गेला आणि खिडकी लावून घेतली.

ज्ञानेश म्हणाला, "दादा, एक सांगू? ओढायच्या गाडीचा हँडब्रेक वर ऱ्हायला, तर कंची गाडी तापती?"

"ओढणारी," हे म्हणाले.

"मग तसंच हाय ह्ये. मागं गाडी हाय, आन त्यात कुनीतरी ब्रेक दाबून बसलंय. हुकाला दुसरी लागली की तिला जागा ऱ्हात न्हाय, म्हनून तवा तापत न्हाय. ह्याला माझ्याकडं पाना न्हाय."

घरी येताना इंजिन गार होतं. इंदापूरकडे तोंड होतं ना.

आबांना सगळं सांगितलं. आबा थकलेत, पण कान तिखट आहेत. ऐकून त्यांनी ह्यांना एकच विचारलं.

"एप्रिलात कालव्यातनं कार काढलीस, तिला हूक लावताना काय म्हनला हुतास?"

आमच्या घरची एक रीत आहे. ज्या गाडीत माणूस गेलंय, तिला हूक लावायच्या आधी दार उघडून म्हणायचं, 'चला, रस्त्यात थांबू नका.' पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी सोडली की म्हणायचं, 'पोचलो, आता उतरा.' आबांनी ती कधी मोडली नाही.

ह्यांनी मान खाली घातली.

"तरणी बाई हुती, आबा. एकलीच. पणदऱ्याची म्हनत हुते पोलीस. मला ऱ्हावलं न्हाय. 'चला, घरी सोडतो' म्हनलो."

आबा कपाळाला हात लावून बसले.

"आन सोडलीस ठाण्यात. ती कशी उतरंल? शबुद दिलास न्हवं? मग सोड तिला घरी."

मला ते पटलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. बिचारी घराची वाट बघतेय, एवढंच ना? तिला पोचवलं की माझा नवरा सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघालो. बारामती ओलांडली, पणदऱ्याचा रस्ता धरला. तसं इंजिन कधीच तापलं नव्हतं. काटा लाल रेघेच्याही पुढे. दर थोड्या अंतरावर थांबायचं, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. मागची साखळी अशी करकरत होती की आता तुटेल असं वाटायचं.

मी मागे वळून म्हणत होते, "आलंच बाई घर, आलंच."

पोलिसांकडून घेतलेल्या पत्त्यावर दिवेलागणीला घर सापडलं. उसाच्या कडेला, एकटंच. दाराला कुलूप. हे वाफ मारणाऱ्या इंजिनाशी झटत होते, म्हणून मीच फाटक उघडलं, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "पोचलो. आलं घर. आता उतरा."

काही क्षण सगळं शांत...

मग कारचं दार लागल्याचा आवाज आला. हलकासा.

आमच्या गाडीची मागची बाजू वीतभर वर उठली. टिकटिक थांबली. काटा खाली आला.

हे बॉनेटला टेकून रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, इतक्यात शेजारच्या रानातून एक म्हातारी आली. धोंडाबाई म्हणून. कुणाकडं आलात, विचारलं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ह्या घरच्या सुनेसाठी आलोय.

"तिच्यासाठी? हितं?" म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "लई कोंडून घातली हुती गं तिला ह्या घरानं. त्या दिशी कशीबशी गाडी काढून निघाली, इंदापूरला माहेरी. जाताना मला म्हनली, आत्ती, आता मेले तरी ह्या दारात येनार न्हाय."

तेव्हा मला कळलं.

ती घरी यायला आमच्या मागे येत नव्हती. ती सगळ्या वाटेनं ब्रेक दाबत होती. आणि आम्ही तिला ओढत आणली.

मी धावत फाटकाशी गेले. "बाई, चला. माहेरी सोडते. चला."

कितीदा म्हटलं, आठवत नाही. गाडी हलकीच राहिली.

म्हातारी काय म्हणाली ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ह्यांचा हात बरा झालाय. बारामतीला जाऊन येतात आणि कौतुकानं सांगतात, काटा निम्म्याच्या वर गेला नाही म्हणून. मला नवरा हवा होता, तो मिळाला. कुणाच्या जिवावर मिळाला ते मला एकटीला माहीत आहे.

परवा पणदऱ्याचा एक जण गाडी ओढायला सांगायला आला होता. मी सहज केल्यासारखं त्या घराचं विचारलं. लोक तिकडून जात नाहीत म्हणाला. संध्याकाळ झाली की दार वाजतं...

आतून.

त्याला पाणी दिलं. कुणी कुलूप काढून बघितलं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.