लाल कॅसेटमधली फुंकर

ही गोष्ट ऐकीव नाही.

ज्याच्याबाबतीत घडली तो माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याचं दुकान आजही उघडं असतं. खोटं वाटलं तर जाऊन बघा, पण त्याला विचारू नका. त्याने हे घरात कुणालाच सांगितलेलं नाही. मला सांगितलं, कारण माझीही बायको गेलेली आहे.

आणि हो, यात काळोखी रात्र वगैरे काही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. रविवारी. जेवणं आटोपून गल्ली सुस्तावलेली असते ना...

त्या वेळी.

दादाचा धंदा जरा जगावेगळा. जुन्या व्हिडिओ गेमचे बंद पडलेले सांगाडे आणायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे आणि त्यांच्या पोटात घरातल्या नव्या वस्तू बसवायच्या. गेमच्या डब्यात वायफायचा राउटर. जॉयस्टिकमध्ये दाराची बेल, दांडा ओढला की वाजते. गेमच्या कॅसेटमध्ये छोटासा स्पीकर. ज्यांचं लहानपण त्या गेमपुढे गेलं, ती माणसं हौसेनं घेतात.

"वरून जुनं, आतून नवं," दादा गिऱ्हाइकाला सांगायचा. "माझं मात्र दोन्हीकडून जुनं."

दुकानाचा एक नियम होता. जिवंत कॅसेट फोडायची नाही. उघडण्याआधी प्रत्येक कॅसेट गेममध्ये घालून बघायची. पडद्यावर चित्र आलं, तर तिला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. मेलेली असेल तरच पोट रिकामं करायचं.

दुकानात त्याच्या हाताखाली त्याचा मेहुणा होता. वहिनीचा धाकटा भाऊ. कामाला वाघ, बोलायला मांजर. दुकानासमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन एकटा राहायचा.

वहिनीकडे माहेरची एक लाल कॅसेट होती. ती आणि हा भाऊ लहानपणी मिळून ती खेळायचे. तिच्या कोपऱ्यावर दाताची खूण होती. दुधाचे दात आले तेव्हा मेहुण्याने चावली होती.

"खाऊन टाकली असतीस तर मी खेळले काय असते रे, छोट्या?" असं वहिनी त्याला मिशा फुटल्यावरही ऐकवायची.

दर रविवारी दुपारी वहिनी ती कॅसेट लावायची. लावण्याआधी खालच्या फटीत फुंकर मारायची. दोनदा. मग तळहातावर हलकेच आपटायची.

फूं... फूं... टक्.

"फुंकून काही होत नाही. उलट गंज चढतो," दादा म्हणायचा.

"तुमच्या दुकानात होत नसेल. इथे होतं. आणि आता बाहेर जा. तुम्ही बघत बसलात की मी हरते."

मग दादा चहाचा कप घेऊन बाहेर जिन्यात बसायचा. दाराला पाठ लावून. आतून बटणांची टकटक ऐकत. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला तो खेळ खेळताना नीट पाहिलं नाही.

तशा कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. आपण खेळात कुठवर पोचलो ते तिच्यामुळे लक्षात राहतं. ती संपली की सगळं पुसलं जातं. वहिनीच्या कॅसेटची बॅटरी दमायला आली, तेव्हा दादाने ती बदलली. बाहेरून दुसरी बॅटरी तारेने जोडून ठेवली आणि मगच जुनी काढली, म्हणजे मधे एक क्षणही करंट तुटू नये. वहिनी दारात उभी होती.

"गेलं तर?"

"मी असताना कसं जाईल?"

तेवढं राहिलं. वहिनी गेली.

छातीचा आजार होता. शेवटी शेवटी तिला फुंकर मारण्याइतकाही दम उरला नव्हता. दादाला आत बोलवायची. "फुंका," म्हणायची. दादा फुंकायचा.

"आता जा."

ती गेल्यावर दादाने लाल कॅसेट कपाटात ठेवली, तिच्या कपड्यांच्या घडीत. लावून कधी पाहिली नाही. तिचा खेळातला माणूस जिथे थांबला होता तिथेच उभा असणार. त्याला हलवायला दादाचा हात होईना. रोज कपाट उघडून नुसता हात फिरवायचा. कोपऱ्यावरची खूण अंगठ्याला लागली की कपाट बंद.

मेहुण्याकडे घराची एक किल्ली असायची. बहीण गेल्यापासून दाजींना डबा आणून द्यायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं.

अशातच एका रविवारी दादाला फोन आला. गिऱ्हाईक होती, दातांची डॉक्टर. मेहुण्याने बनवून दिलेला कॅसेटमधला स्पीकर तिने नेला होता.

"तुमचा स्पीकर परत घेऊन जा."

"आवाज फाटतोय का?"

"आवाज ठीक आहे हो. पण..."

ती थांबली.

"...त्याला दम लागतो."

दादा तसाच तिच्या घरी गेला. स्वच्छ खोली. फळीवर पुस्तकं, एक रोपटं, आणि त्यांच्या मधोमध लाल कॅसेट.

"बंद आहे बघा," डॉक्टर म्हणाली. "फोनही जोडलेला नाही. याच वेळेला होतं."

दोघं गप्प बसले. पंखासुद्धा तिने बंद केला.

आधी काहीच नाही.

मग...

फूं...

फूं...

टक्.

दादाने स्पीकर उचलला. मागचे स्क्रू काढले. चार्जिंगची बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवली. आता त्या कॅसेटमध्ये वाजण्यासारखं काही नव्हतं.

फूं... फूं...

टक्.

त्याच्या हाताला वारा लागला. कोमट.

"आणखी एक विचारू?" डॉक्टर हळूच म्हणाली. "माझी नजर दातांवरच जाते, सवयच आहे. हा कोपरा बघा. दुधाच्या दाताची खूण आहे ही. कुणाच्या बाळाची होती का कॅसेट?"

दादाने अंगठा फिरवला...

स्पीकर खिशात घालून घरी आला. कपाट उघडलं. कपड्यांच्या घडीत लाल कॅसेट होती. कोपऱ्यावर खूणही होती.

उजेडात नेली. रंग वरून मारलेला. आणि खूण... कानशीने पाडलेली.

इतके दिवस तो एका रंगवलेल्या खोक्यावर हात फिरवत होता.

मेहुणा संध्याकाळी डबा घेऊन आला. दादाने दोन्ही कॅसेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही स्पीकरवाली कुठून आणलीस?"

"भंगारात मिळाली, दाजी."

"भंगारात तुझे दात कसे गेले?"

मेहुणा बसला. डबा मांडीवरच राहिला.

"त्या डॉक्टरबाईंना लाल रंगाचीच हवी होती. दुसरी कुठे मिळेना. तुम्ही तर ती कधी लावतही नव्हतात. म्हटलं, कळणार नाही."

"आतलं सर्किट?"

"गेलं. भंगारवाल्याच्या पोत्यात."

"लावून बघितलीस आधी?"

मेहुण्याने मान खाली घातली.

"बघितली."

"मग?"

"चित्र आलं होतं."

दादाने त्याला हात लावला नाही. नुसतं एवढंच विचारलं, "तुझी बहीण होती ना रे ती?"

"म्हणूनच," मेहुणा म्हणाला. "तिचा माणूस तिथे उभा होता, दाजी. आम्ही जिथवर खेळलो होतो त्याच्याही पुढे, एकटा. मला बघवलं नाही."

दादाने त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. डबा परत दिला.

त्या रात्री दादा मनातून थोडा सुखावलाही होता, असं तो मला म्हणाला. सर्किट गेलं, पण ती फुंकर तर घरी आली. आता रविवारची वाट बघायची.

रविवार आला. दादाने जेवण उरकलं. पंखा बंद केला. स्पीकर वहिनीच्या जागेवर ठेवला, टीव्हीसमोर.

काही नाही.

त्याने वाट पाहिली. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेला.

काही नाही.

पुढच्या रविवारी त्याला आठवलं. तुम्ही बघत बसलात की मी हरते. तो उठून जिन्यात जाऊन बसला. दाराला पाठ लावून.

आत सगळं शांत. नळाचा एक थेंबही नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "तुमच्याकडे येतो का अजून आवाज?"

"नाही. तुम्ही नेल्यापासून एकदम शांत आहे. फार उपकार झाले."

परक्या बाईच्या फळीवर ती फुंकर वाजत होती. नवऱ्याच्या घरात नाही.

मग एके दिवशी मेहुणा दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, तोंड पांढरंफटक.

"दाजी... माझ्याकडे येतोय आवाज."

"तुझ्याकडे काय आहे तिचं?"

"काहीच नाही. आई शप्पथ, काहीच नाही."

दादा त्याच्या खोलीत गेला. खाट, स्टोव्ह, खुंटीवर दोन शर्ट. टीव्ही नाही, गेम नाही. दादा खाटेवर बसला. ऊन उतरेपर्यंत बसला. काही झालं नाही. उठून बाहेर आला, दार ओढलं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला...

फूं...

फूं...

टक्.

वळला. दार उघडलं. शांत. मेहुणा कोपऱ्यात कानांवर हात ठेवून बसला होता.

दार लावलं.

फूं...

उघडलं. शांत.

"काही बोलते का ती?" दादाने विचारलं.

मेहुण्याने कानांवरचे हात काढले.

"मला हाक मारते. छोट्या म्हणून."

"आणि... माझं काही?"

मेहुण्याने दादाकडे पाहिलं, आणि नजर वळवली.

त्यानंतर मेहुणा बदलला. आधी घाबरायचा. मग घाबरेनासा झाला. दुकानात यायचं सोडलं. दिसलाच कुठे, तर अंगठ्यांवर घट्टे. बटणं दाबून पडतात तसे. दादाने विचारलं तर म्हणाला, "जरा काम असतं दुपारचं."

दादा मात्र दर रविवारी त्या जिन्यात जाऊन बसायचा. ज्याने तिला पोत्यात टाकलं, त्याच्या दाराला पाठ लावून.

मागे एका रविवारी मी म्हटलं, मीही येतो. दादा नको म्हणाला नाही.

आम्ही दोघे पायरीवर बसलो. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. दादाच्या हातात ती लाल कॅसेट होती. तिच्यातला स्पीकर त्याने केव्हाच काढून टाकला होता. नुसतं रिकामं खोकं.

मला वाटलं, दुःखाने त्याचं डोकं फिरलंय. आपण गप्प सोबत करायची, संध्याकाळी घरी न्यायचं.

मग दाराच्या आतून...

फूं...

फूं...

टक्.



आणि बटणांची टकटक सुरू झाली. एकाची नाही. दोघांची. एक जोरात, घाईघाईने. दुसरी सावकाश, सरावाची.

मग कुणीतरी हसलं. हलक्या आवाजात. मी वहिनीच्या हातचा चहा प्यायलोय, ते हसू मला ओळखता येतं.

दादा उठला. दारावर टकटक केली.

"मी आहे गं," तो म्हणाला. "फक्त दारात उभा राहतो. बघणार नाही."

आतला आवाज थांबला.

पावलं आली. दारापर्यंत आली. हलकी, अनवाणी. मेहुण्याचा पाय जड पडतो.



आणि आतून कडी लागली.

दादा परत येऊन पायरीवर बसला. कॅसेट तोंडाशी नेली. दोनदा फुंकली, तळहातावर आपटली. आतून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा बटणांची टकटक तेवढी सुरू झाली.

"तुम्ही बघितलं की मी हरते, म्हणायची," दादा म्हणाला. "मला ते खरं वाटायचं रे."

 

मीही आता रविवारी दुपारी पंखा बंद करून बसतो. बायकोचा चष्मा, तिचं शिवणयंत्र, सगळं जागच्या जागी आहे. माझ्या घरात कसलाच आवाज येत नाही.

आधी मला याचं बरं वाटायचं.