यादीत नसलेलं नाव

खिडकीमागच्या इंदुताईंनी फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि ती मधुवंतीकडे परत सरकवली.

"दुसरं माणूस कुठं आहे?"

"दुसरं... कोण?"

"दुसऱ्या विषयाचं. अट वाचली नाही काय, मॅडम? एकट्याचा अर्ज घेत नाही आम्ही."

मधुवंतीनं अट वाचली होती. करोनानंतर समाजातली विषमता कुठं आणि कशी वाढली, याचा अभ्यास करणाऱ्यांना सरकार तीन वर्षांचं अनुदान देणार होतं. पण अर्जावर किमान दोन वेगळ्या विषयांचे अभ्यासक हवेत. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. तिच्यासोबत अर्थशास्त्राचे एक सर होते, ते आज सकाळीच दुसऱ्या गटात गेले होते. फोनवर 'सॉरी' म्हणून.

मागून कुणीतरी घसा साफ केला.

"माझाही तोच लोचा आहे हो, ताई. डॉक्टर येणार होते सोबत, त्यांची गडचिरोलीला बदली झाली."

मधुवंतीनं वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा डाग, आणि हातात फाइलबरोबर चार संत्र्यांची पिशवी.

इंदुताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमचा विषय?"

"संख्याशास्त्र. प्रशिक नाव आहे माझं."

"ह्या समाजशास्त्राच्या. फाइल दोघांचीही करोनाचीच. आज शेवटची तारीख, खिडकी पाच वाजता बंद होते, आता चार वाजून दहा मिनिटं झाली. मी काही लग्न जुळवून नाही राहिली, पण जरा त्या बाकावर जाऊन बोलून तर पाहा!"

दोघं बाकावर बसले. मधे संत्र्यांची पिशवी.

"तुमचा प्रश्न काय आहे?" त्यानं विचारलं.

"करोनात शाळा बंद झाल्या, मग उघडल्या. लकडगंजला गोदामांच्या मागे हमालांची वस्ती आहे. तिथल्या किती मुली शाळेत परत आल्याच नाहीत, हे कुणाला माहीत नाही."

"किती असतील?"

"खूप."

"खूप हा आकडा नाही, मॅडम."

"मग तुम्ही काढा आकडा. शाळा का सुटली, ते मी विचारते."

त्यानं एक संत्रं सोललं आणि अर्धं तिच्यासमोर धरलं. "मोजणारा मी, विचारणाऱ्या तुम्ही. मंजूर?"

"आधी हे गोड आहे का बघते," ती म्हणाली. एक फोड तोंडात टाकली. "मंजूर."

पाचला दोन मिनिटं कमी असताना अर्ज खिडकीतून आत गेला. त्याच्या कडेला संत्र्याच्या रसाचा एक ठिपका होता.

जानेवारीत कळलं की त्यांचा अर्ज पहिल्या निवडीत पास झाला होता. आता फेब्रुवारीत समितीपुढं उभं राहायचं, आणि तोवर छोटी पाहणी करून दाखवायची. प्रशिकनं तीन शाळांतून करोनाकाळातल्या ऑनलाइन वर्गांच्या याद्या मिळवल्या. त्यातून चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोनशे मुलींची नावं काढली, कुणाचीही बाजू न घेता. यादीत फोन नंबर होते. वेळ ठरवायची, मधुवंतीच्या स्कूटीवरून घरी जायचं, विचारायचं.

विचारण्याआधी प्रशिक प्रत्येक घरी एक कागद वाचून दाखवायचा. अगदी अक्षर न् अक्षर.

"तुमचं उत्तर ऐच्छिक आहे. नको वाटलं तर नाही म्हणू शकता. मधेच थांबू शकता. त्यामुळे तुमचं कोणतंही नुकसान होणार नाही."

एका आजीनं कपाळावर हात मारला. "विचार नं बाप्पा आता! कोर्टात आणलं का मले?"

मधुवंतीला हसू आवरेना. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "इतकं सावकाश वाचतोस, लोकांचा चहा गार होतो."

"वाचतोस?"

"...वाचता."

"नाही, राहू दे," तो स्कूटीवर मागं बसत म्हणाला. "पहिलंच बरं होतं."

तिनं गाडी सुरू केली. आरशात पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पुढच्याच चौकात पाहिलं. तोही आरशातच पाहत होता.

दोनशे मुलाखती झाल्या. त्यांतल्या बारा मुलींची शाळा सुटली होती. शंभरात सहा. प्रशिकनं त्याचा देखणा तक्ता केला.

सादरीकरणाला तीन दिवस उरले असताना मधुवंती एकटीच वस्तीत गेली, एक सही राहिली होती म्हणून. परतताना शेजारच्या दारात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी लाल मिरच्यांच्या ढिगापुढं बसली होती. एकेक मिरची उचलायची, देठ खुडायचा, मिरची पोत्यात.

"ताई, तुम्ही या घरी दोनदा आल्या. आमच्या घरी काहून नाही आल्या?"

"इथं यादीत नाव असलेल्यांकडेच जातो गं आम्ही."

"मग माझं नाव पाहा नं. गोपिका."

मधुवंतीनं यादी उघडली. दोनशे नावं वरून खाली पाहिली. मग मूळ यादी काढली, सगळ्या मुलींची. तिथंही नव्हतं.

"तू कितवीत होतीस तेव्हा?"

"सहावीत गेली होती. वर्ग फोनवर होते म्हणे. आमच्याकडे फोनच नव्हता." गोपिकानं खांदे उडवले. "मग मिरची सुरू केली."

मधुवंती मिरचीच्या खकाण्यानं शिंकली, पुन्हा शिंकली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळं का कशामुळं, तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर तिनं प्रशिकला सगळं सांगितलं.

"ज्यांच्याकडे फोन होता, त्यांनाच आपण विचारत राहिलो की फोन नसल्यानं काय झालं."

त्याचा चमचा हवेत थांबला. त्याला क्षणात कळलं होतं, हे तिला दिसलं. तरी तो म्हणाला, "तीन दिवसांवर सादरीकरण आहे, मधुवंती."

"म्हणून तर आजच सांगते आहे."

"यादी मी निवडली. संख्याशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात, यादीत कोण नाही ते आधी पाहा. मी स्वतः शिकवतो हे पोरांना! आणि आता समितीपुढं म्हणू, चुकलं?"

"हो."

"अनुदान जाईल."

"जाईल कदाचित."

"मग तू तुझ्या कॉलेजात, मी माझ्या..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्यानं पोह्यांची प्लेट खाली ठेवली, "येतो" म्हणाला आणि निघून गेला. मधुवंती त्या अर्ध्या प्लेटकडे पाहत राहिली. अनुदान गेलं तर अभ्यास जाणार, ते तिला ठाऊक होतं. पण आरशातला तो चेहराही जाणार होता, आणि ते आपल्याला इतकं लागेल, हे तिला त्या गाडीपाशी उभं असताना पहिल्यांदा कळलं.

तरीही तिचं ठरलं होतं. तो बोलला नाही तर ती बोलणार होती.

पुढचे दोन दिवस त्याचा फोन नाही.

सादरीकरणाच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सभागृहात समितीचे पाच जण बसले होते. मधोमध अध्यक्ष, चंपतराव, पांढऱ्या मिशांचे निवृत्त प्राध्यापक. नाव पुकारलं जायच्या एक मिनिट आधी प्रशिक धापा टाकत आत शिरला. डोळे लाल, आणि आल्याआल्या तीनदा शिंकला. मधुवंतीनं ती शिंक ओळखली.

त्यानं पडद्यावर तो देखणा तक्ता लावला.

"शंभरात सहा मुलींची शाळा सुटली, असं आमची पाहणी सांगते," तो म्हणाला. "हा आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे."

त्यानं बटण दाबलं. मग पडद्यावर वहीच्या एका पानाचा फोटो आला, हातानं लिहिलेला.

"दोन दिवस मी एका गल्लीत घरोघर गेलो. यादी न घेता. चाळीस घरं, एकतीस मुली. अकरा जणींची शाळा सुटली आहे. त्यांतल्या नऊ जणींचं नाव आमच्या यादीत कधी नव्हतंच. एका गल्लीवरून शहराचं सांगता येत नाही. पण आमची यादी कुणाला वगळते, ते कळलं."

चंपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे चुकलेल्या पाहणीला आम्ही अनुदान द्यायचं?"

मधुवंती उभी राहिली. 

"सर, यांना यादी दिसते, मला शेजारचं घर दिसतं. एकट्यानं केलं असतं तर ही चूक छापून आली असती, आणि सगळे म्हणाले असते, शंभरात सहाच तर मुली! दोन विषयांची अट तुम्ही याचसाठी घातली असेल ना?"

चंपतराव हसले नाहीत. पण त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पुन्हा दाखवायला सांगितला, आणि तो बराच वेळ पाहिला.

बाहेर आले तेव्हा गारा पडत होत्या. पोर्चच्या पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.

"फोन काहून नाही केला?" तिनं विचारलं. महाल भागातल्या आपल्या घरी 'का' म्हणायची सवय असलेली ती, आता वस्तीतल्या लोकांसारखं बोलू लागली होती.

"लाज वाटत होती. तुझ्यासमोर चुकलो म्हणून."

"आणि समितीसमोर?"

"ते सोपं होतं." त्यानं एक गार उचलली, तळहातावर वितळू दिली. "मधुवंती, मला अजून एक... जाऊ दे. आधी निकाल लागू दे."

"निकाल वाईट लागला तर नाही सांगणार?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तरी सांगीन."

पत्र एप्रिलमध्ये आलं. अनुदान मंजूर, पण अट होती. पहिले तीन महिने घरोघर जाऊन नवी यादी करायची, आणि मगच पुढचा अभ्यास. इंदुताईंनी पोचपावतीवर शिक्का इतक्या जोरात मारला की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या बाकावर जाऊन बसा!"

पहिल्या दिवशी ते ऊन चढायच्या आत, सकाळी सातलाच, गोपिकाच्या दारी पोचले. तिथं दोघं आता परके नव्हते. रविवारी मधुवंती तिला शिकवायला यायची आणि प्रशिक मिरच्यांचे सारखे ढीग करून अपूर्णांक समजावायचा. गोपिकाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं.

प्रशिकनं कागद काढला आणि गोपिकाची आई, सिंधूताई, यांना वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर. सिंधूताईंनी शांतपणे ऐकलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग पदर सावरत म्हणाल्या, "तुम्ही येवढं विचारलं. आता मी एक विचारू? हे तुमचे कोण लागतात, मॅडम?"

"सहसंशोधक," प्रशिक घाईनं म्हणाला.

"म्हणजे काय असते?" गोपिका खुदकन हसली.

"चूप वं पोरी!" सिंधूताई म्हणाल्या, पण त्याही उत्तराची वाट पाहत होत्या.

मधुवंतीनं ओढणीनं कपाळ पुसलं. "काय ते मलाही ठरवायचं आहे, सिंधूताई. यांना मला काहीतरी सांगायचं होतं. फेब्रुवारीपासून वाट पाहते आहे."

प्रशिकचे कान लाल झाले. त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, जणू तोच एक आधार होता. "तुमचं उत्तर ऐच्छिक आहे," तो हळूच वाचू लागला. "नको वाटलं तर नाही म्हणू शकता. मधेच थांबू..."

"नाही थांबणार. विचार."

"माझं घर जरीपटक्याच्या वस्तीत आहे, मधुवंती. तुझं महालातलं. लोक जात काढतील..."

"स्कूटीनं वीस मिनिटं लागतात. आईला कालच सांगितलं मी. दोनदा तुझं नाव विचारलं, मग म्हणाली, जेवायला घेऊन ये त्याला." तिनं भुवया उंचावल्या. "आता विचारतोस का चहा गार होऊ द्यायचा?"

"मी आवडतो का तुला?" कागदात नसलेला प्रश्न त्यानं एका दमात विचारला.

"हो," मधुवंती म्हणाली. "लिहून घे."

सिंधूताईंनी पदरानं हसू झाकलं. गोपिकानं मात्र पुढं होऊन नव्या वहीवर बोट ठेवलं. पान अजून कोरंच होतं.

"ते नंतर लिहा, सर. आधी माझं नाव लिहा नं!"

प्रशिकनं पेन उघडलं. मधुवंतीनं त्याच्यासमोर वही धरली. आणि त्यानं पहिल्या ओळीवर, सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: क्रमांक एक, गोपिका.